ठाणे-कल्याण परिसर आणि पश्चात्तापाची संकल्पना : यहुदी, ख्रिस्ती व इस्लामी परंपरांचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

ठाणे शहरात मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट यांच्या नावाचे जुने चर्च आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, टेंभी नाक्याच्या परिसरात, बेने इस्राएल समाजाचे १८७९ साली स्थापन झालेले ‘शार हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर आहे; आणि जुन्या बाजारभागात मशिदी आहेत. एकेश्वरवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिन्ही धर्मांची उपासनास्थळे इतक्या जवळ जवळ असलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. आपले विद्यार्थी या वास्तूंवरून रोज ये-जा करतात. परंतु वर्गात जगातील धर्मांचा इतिहास शिकविताना ‘पाप’ आणि ‘पश्चात्ताप’ या संकल्पना आल्या, की आपण बहुधा एकाच शब्दावर काम भागवितो. तो शब्द म्हणजे ‘प्रायश्चित्त’. यहुद्यांचा योम किप्पूर हा ‘प्रायश्चित्ताचा दिवस’, ख्रिस्ती पापनिवेदन हा ‘प्रायश्चित्त संस्कार’ आणि मुसलमानांची तोबा हेही एक प्रकारचे प्रायश्चित्तच, असे सांगून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे असेच शिकविले.

प्रस्तुत लेखाचा हेतू या सोयीस्कर भाषांतराची तपासणी करण्याचा आहे. तिन्ही परंपरांत पश्चात्तापाच्या केंद्रस्थानी दोन गोष्टी आहेत. पहिली, मनुष्याने परत फिरणे. दुसरी, ज्याचे नुकसान केले त्याचे देणे आधी फेडणे. ‘प्रायश्चित्त’ या शब्दात यांतील दुसरी गोष्ट अंधुक होते आणि पहिलीचा रोखच बदलतो. हा बदल ग्रंथांतून समजतोच, परंतु ठाणे-कल्याण परिसराच्या आणि भोवतालच्या कोकणच्या इतिहासात तो अधिक ठळकपणे दिसतो. म्हणून येथे धर्मशास्त्रीय विवेचन आवश्यक तेवढेच घेऊन स्थानिक इतिहासातील काही प्रसंगांचा विचार केला आहे. मलंगगडाचा विषय मुद्दाम घेतलेला नाही. कल्याणजवळील त्या स्थानाचे महत्त्व मोठे आहे, परंतु तेथे येणारा बहुसंख्य भाविक नवस घेऊन येतो, आणि नवस व तोबा यांची गल्लत करणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य नाही.

शब्दांचे अर्थ आणि अर्थांतर

हिब्रू भाषेत पश्चात्तापाला ‘तेशुवा’ म्हणतात. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ ‘परतणे’ असा आहे. अरबीतील ‘तौबा’ हा शब्दही वळणे, माघारी येणे याच अर्थाचा असून दोन्ही शब्द सेमिटिक भाषाकुलातील एकाच मुळाशी जोडले जातात. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ हा मात्र मन पालटणे या अर्थाचा आहे; तरीही लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या मुलाची कथा पाहिली तर तिचा सारा कणा घराकडे परत येण्याचाच आहे. पापाच्या शब्दांतही असेच साम्य आढळते. हिब्रू ‘हेत’, अरबी ‘खताआ’ आणि ग्रीक ‘हामार्तिया’ या तिन्हींच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. मराठीत ‘नेम चुकणे’ हा प्रयोग आणि ‘चूक’ हा शब्द दोन्ही असताना, पापासाठी आपण ‘चूक’ कधी वापरली नाही, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे.

या दोन सेमिटिक भाषांत आणखी एक जोडी आहे. हिब्रू ‘किप्पूर’ आणि अरबी ‘कफ्फारा’ हे शब्दही सगोत्र असून त्यांत झाकणे, पुसून टाकणे हा अर्थ आहे. उपवास करणे, गरिबांना जेवू घालणे, गुलाम मुक्त करणे अशी ठरावीक भरपाई म्हणजे कफ्फारा. अर्थात परतणे वेगळे आणि भरपाई वेगळी, असा भेद या भाषांनी शब्दांतच सांभाळला आहे. संस्कृत ‘प्रायश्चित्त’ हा शब्द यांपैकी दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जातो. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय अशी त्याची परंपरागत व्युत्पत्ती सांगतात. व्यवहारात मात्र पातकाच्या प्रतवारीनुसार ठरविलेले व्रत, दान व विधी असा त्याचा अर्थ रूढ झाला. ‘पश्चात्ताप’ हा मागाहून होणारा मनाचा ताप आहे. ती भावना झाली. या दोन शब्दांच्या मध्ये ‘परतणे’ कोठेच नाही.

फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांचे प्रवासही उद्बोधक आहेत. फारसी ‘गुनाह’ म्हणजे पाप. मराठीत त्याचा ‘गुन्हा’ झाला आणि तो देवाच्या दरबारातून सरकारी कचेरीत आला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द अपराधाबद्दल वसूल केलेल्या दंडालाही लावलेला आढळतो. ‘माफी’ हा शब्द महसुलातील सूट या अर्थाने मुलकी व्यवहारात स्थिरावला. ‘तोबा’ या शब्दाची तर आणखीच गंमत झाली. आज मराठी माणूस गर्दीला, महागाईला किंवा लोकलच्या प्रवासाला कंटाळून ‘तोबा तोबा’ म्हणतो. त्यात पापही नसते आणि परतणेही नसते. एका समृद्ध नैतिक शब्दसंग्रहाचा असा कायद्याच्या आणि वैतागाच्या भाषेत झालेला विस्तार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

पापाच्या उगमाविषयी तिन्ही धर्मांत मतभेद आहेत, ते थोडक्यात नोंदविणे पुरेसे आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टिनपासून आदिपापाची कल्पना दृढ झाली. आदामाच्या पतनाचा वारसा सर्व मनुष्यजातीस मिळतो आणि त्यातून सुटका ईश्वरी कृपेनेच होते. यहुदी विचारात मनुष्याच्या ठिकाणी सत्प्रवृत्ती आणि दुष्प्रवृत्ती दोन्ही असतात आणि निवड त्याची असते. कुरआनात आदाम चुकतो, तोबा करतो, त्याची तोबा स्वीकारली जाते आणि तो प्रसंग तेथेच संपतो. एकाचा भार दुसऱ्याने वाहायचा नाही, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. योनाची कथा मात्र तिघांचीही आहे. निनवे नगरीने वेळेवर परत फिरून विनाश टाळला, ही कथा यहुदी लोक योम किप्पूरच्या दुपारी वाचतात. कुरआनात दहाव्या सूरेला यूनुसचेच नाव आहे. आणि शुभवर्तमानात येशू निनवेच्या लोकांचा दाखला देतो. एका परक्या, मूर्तिपूजक नगराचा पश्चात्ताप तिन्ही धर्मांनी आदर्श मानावा, ही गोष्ट सहज डोळ्यांआड होते.

ठाणे, १३२१

सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लूस्टीस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. अनेक अभ्यासक हे स्थान म्हणजे आपले कल्याण असे मानतात. काहींचा त्यास आक्षेप आहे. चौदाव्या शतकातील ठाण्याविषयी मात्र अधिक तपशील मिळतो. १३२१ साली होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याला येऊन पोहोचले. तोलेंतिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा दुभाषी, जॉर्जियाकडील दिमित्री, अशी त्यांची नावे आहेत. ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरात हे चौघे उतरले. पुढे काजीसमोर धर्मविषयक वाद झाला आणि त्यातून चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जोर्दानुस याने त्यांची प्रेते सोपाऱ्यास पुरली. थोड्याच काळाने आलेल्या पोर्देनोनेच्या ओडोरिकने त्यांच्या अस्थी गोळा करून थेट चीनपर्यंत नेल्या. रोमन कॅथलिक चर्चने टॉमस यांना १८९४ मध्ये धन्य घोषित केले.

हा वृत्तांत हुतात्म्यांच्या कथांच्या साच्यातला असून एकाच बाजूने सांगितलेला आहे, ही जाणीव ठेवून त्याचा उत्तरार्ध पाहावा. ओडोरिक सांगतो, की ठाण्याच्या मलिकला रात्री स्वप्नात हे चौघे हाती तलवारी घेऊन आलेले दिसले. तो घाबरला आणि त्याने काजीचा सल्ला विचारला. काजीने दानधर्म करण्यास सांगितले. तेव्हा मलिकने चौघांच्या नावे चार मशिदी बांधविल्या. एवढे करूनही दिल्लीच्या सुलतानाने त्याला बोलावून देहान्त शिक्षा दिली आणि काजी पळून गेला.

ओडोरिकच्या दृष्टीने ही ईश्वरी न्यायाची कथा आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फसलेल्या पश्चात्तापाची कथा आहे, आणि तिची तपासणी इस्लामी नीतिशास्त्राच्याच कसोटीवर करता येते. इमाम गझाली (निधन ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाच्या शेवटच्या चतुर्थांशाचा आरंभच तोबेच्या प्रकरणाने केला आहे. त्यांच्या मते तोबेची तीन अंगे आहेत : पापाच्या हानीचे ज्ञान, त्यातून उत्पन्न होणारा खेद, आणि त्या खेदातून घडणारी कृती. इस्लामी विचारात ‘हुकूकुल्लाह’ म्हणजे ईश्वराचे हक्क आणि ‘हुकूकुल इबाद’ म्हणजे माणसांचे हक्क असा भेद केला जातो. ईश्वराचे देणे ईश्वर माफ करू शकतो. माणसाचे देणे मात्र त्या माणसाकडे किंवा त्याच्या वारसांकडेच फेडावे लागते. नमाज, रोजे, दान यांचा मोठा साठा घेऊन कयामतीच्या दिवशी आलेला मनुष्य, ज्यांना त्याने छळले त्यांची भरपाई करता करता कफल्लक होतो, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. खरा दिवाळखोर तो, असे तीत सांगितले आहे.

या कसोटीवर ठाण्याच्या मलिकने काय केले? त्याला खेद झाला नव्हता, भीती वाटली होती. मृतांच्या माणसांना त्याने काही दिले नाही. ज्यांचा धर्म वेगळा होता त्यांच्या नावे स्वतःच्या धर्माची प्रार्थनास्थळे उभारणे ही त्यांच्या देण्याची फेड होऊ शकत नव्हती. कफ्फारा झाला, तोबा झाली नाही. ख्रिस्ती वृत्तांतकार, मुस्लिम नीतिज्ञ आणि पुढे येणारा यहुदी दंडक या तिघांचाही निवाडा येथे एकच पडतो. चार मशिदींचा तपशील ऐतिहासिक आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी चौदाव्या शतकातील श्रोत्यांना हा प्रसंग कळण्याजोगा वाटला, हेच महत्त्वाचे आहे.

याच्या उलट टोकाची एक कथाही हदीस वाङ्मयात आहे. नव्याण्णव खून केलेला मनुष्य तोबेचा मार्ग विचारतो. ‘तुला मार्ग नाही’ असे सांगणाऱ्यालाही ठार करून शंभर पुरे करतो. शेवटी एक ज्ञानी पुरुष त्याला सज्जनांच्या गावी जाण्यास सांगतो. वाटेतच त्याला मृत्यू येतो. कृपेचे आणि शिक्षेचे देवदूत त्याच्यावरून वाद करतात. अखेर अंतर मोजले जाते आणि तो सज्जनांच्या गावाच्या वीतभर अधिक जवळ सापडतो. पाऊल कोणत्या दिशेला होते, एवढाच प्रश्न येथे निर्णायक ठरतो. कोकणातील मुस्लिम विद्वत्तेची परंपरा जुनी आहे. माहीम येथील मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांनी अरबी भाषेत कुरआनावर भाष्य लिहिले. त्यामुळे हा विचार या किनाऱ्यावर केवळ ऐकीव स्वरूपात होता असे समजण्याचे कारण नाही.

पोर्तुगीज अंमल : निवेदन आणि सक्ती

१५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि ठाणेही त्यांच्या अंमलाखाली आले. ते १७३७ पर्यंत राहिले. या दोन शतकांत रोमन कॅथलिक पश्चात्तापविचार येथे संस्थेच्या रूपाने स्थिर झाला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन बंधनकारक केले होते. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने अनुताप, निवेदन आणि भरपाई ही या संस्काराची अंगे निश्चित केली. निवेदन ऐकायचे तर ते समजले पाहिजे. म्हणून मिशनऱ्यांना लोकांची भाषा शिकणे भाग पडले. आपल्या भाषेच्या इतिहासात या गरजेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) सर्वांना माहीत आहे. त्यामानाने एतिएन द ला क्रुआ यांचे संत पीटरच्या चरित्रावरील मराठी पुराण (१६२९–१६३४) उपेक्षित राहिले. ज्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवताच जो रडला, असा पीटर. स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्या हाती दिल्या तोच पश्चात्तापदग्ध मनुष्य होता, हे सांगण्यासाठी एका फ्रेंच जेझुइटाने ओवीचा आश्रय घेतला.

मासुंदा तलावाकाठच्या चर्चला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे नाव आहे. योहान हा पश्चात्तापाचा उपदेशक. तो यहुदी होता, ख्रिस्ती लोक त्याला संत मानतात आणि कुरआन त्याला ‘यह्या’ या नावाने पैगंबरांत गणते. या लेखाच्या विषयाला इतके अनुरूप नाव ठाण्यात दुसरे नाही. शुभवर्तमानातील त्याच्या उपदेशात दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, अशी अगदी व्यवहारातील सूचना आहे. जक्कय नावाच्या जकातदाराची कथाही तशीच : तो लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची शिकवण आणि लुबाडलेले परत दिल्याखेरीज पाप सुटत नाही हा ऑगस्टिनचा दंडक, हे सर्व पाहिले तर ख्रिस्ती विचारातही माणसाचे देणे गौण नव्हते.

परंतु याच काळात गोव्याचे इन्क्विझिशन (१५६० ते १८१२, मधला १७७४ ते १७७८ हा खंड वगळून) कार्यरत होते आणि वसईचा प्रांतही त्याच्या अधिकारात होता. तेथे पश्चात्ताप ही न्यायालयीन अवस्था बनली. आरोपीने कबुली द्यावी, विशिष्ट वस्त्र अंगावर घालून मिरवणुकीत चालावे, आणि त्यानंतर त्याला चर्चमध्ये परत घेतले जावे, असा तो क्रम होता. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो वैद्य गार्सिया द ओर्ता जन्माने यहुदी वंशाचा, ‘नवख्रिस्ती’. तो १५६८ मध्ये वारला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या. मृत माणसाला पश्चात्ताप करता येत नाही. अस्थी जाळणाऱ्यांना तो नकोच होता. त्यांना हवे होते ते पाहणाऱ्यांच्या मनातील भय. ठाण्याच्या मलिकला वाटलेली भीती निदान त्याची स्वतःची होती. येथे भीती हेच संस्थेचे साधन झाले, आणि ‘परत घेणे’ या शब्दातील आशय पूर्णपणे उलटला.

प्रायश्चित्ताचा प्रश्न

परत घेण्याचा विचार हिंदू समाजातही होता, हे येथे नमूद केले पाहिजे; अन्यथा तुलना एकांगी होईल. १६७६ मध्ये नेताजी पालकर यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेण्यात आले. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहिला होता; न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्ताने शुद्ध करून घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली आणि त्यावरून मोठा वाद माजला. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य झाले आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. रानड्यांसारख्या पुरुषाला आपण पाप केले असे वाटत नव्हते, हे उघड आहे. त्यांनी प्रायश्चित्त घेतले ते घरच्या व जवळच्या माणसांची कोंडी फुटावी म्हणून.

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘प्रायश्चित्त’ या शब्दात परतणे नव्हतेच असे म्हणता येत नाही, परंतु ते परतणे पंक्तीत होते. ते जातीच्या दाराशी थांबत होते. चहा पिण्याने कोणाचेच नुकसान झालेले नव्हते, म्हणून कोणाचे देणे फेडण्याचा प्रश्नही तेथे नव्हता. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी लेवीय पुस्तकातील किप्पूरसाठी हाच शब्द निवडला, ख्रिस्ताच्या बलिदानासाठीही हाच योजला, आणि परत फिरण्याच्या हाकेसाठी ‘पश्चात्ताप’ घेतला. मराठी वाचकाच्या कानात मात्र त्यातील पहिला शब्द पंचगव्यासह आणि ग्रामण्यासह शिरत होता. एका व्यक्तीचे मरण दुसऱ्याचे प्रायश्चित्त कसे होईल, हा एकोणिसाव्या शतकातील वादांत वारंवार पुढे आलेला आक्षेप धर्मशास्त्रीय होता तितकाच शब्दाचाही होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बेने इस्राएल : दारफालनी आणि शिळा सण

आता या परिसरातील सर्वांत लहान, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या समाजाकडे वळू. कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरनेही या समाजाची दखल घेतली आहे. हाइम सॅम्युअल केहिमकर (१८३०–१९०८) यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला; तो त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. या समाजाजवळ कित्येक शतके हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हते. मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युअल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. त्यापूर्वी सण-उपवास घरातच पाळले जात आणि त्यांची नावे शुद्ध कोकणी वळणाची होती. तिश्री महिन्याच्या आरंभीचे नववर्ष हा ‘नव्याचा सण’; जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाच्या बिरड्यावर उपवास सुटे; आणि योम किप्पूर म्हणजे ‘दारफालनीचा सण’, अर्थात दारे बंद करण्याचा सण.

योम किप्पूरपूर्वीच्या एलुल महिन्यात क्षमायाचनेची ‘सेलिहोत’ स्तोत्रे म्हणण्याची यहुदी रीत आहे. बेने इस्राएलांनी त्या महिन्याच्या उपवासाला दिलेले नाव होते ‘रमजान’. उपवासाला ते ‘रोजा’ म्हणत आणि धार्मिक प्रमुखाला ‘काजी’. शेजारच्या मुसलमानांकडून त्यांनी नावे घेतली. तिथी मात्र आपल्याच ठेवल्या. इतर बाबतींत मराठी संस्कृतीशी इतक्या एकरूप झालेल्या या समाजाने आपल्या सर्वांत पवित्र काळासाठी ‘व्रत’ किंवा ‘प्रायश्चित्त’ न घेता रोजा आणि रमजान हे शब्द घ्यावेत, याचा अर्थ काय लावावा? शेजार हे एक कारण आहेच. परंतु आपल्या सणाचे खरे नाते कोणत्या शेजाऱ्याच्या आचाराशी आहे, हे त्या अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या तेल्यांना नेमके कळले होते, असेही म्हणण्यास जागा आहे. तेशुवा आणि तौबा यांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. या लोकांनी ते उपवासाच्या नावात आधीच जोडले होते.

दारफालनीच्या आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत हे लोक अन्नपाणी वर्ज्य करीत, स्नान करून पांढरी वस्त्रे नेसत, दारे लावून घरात राहत आणि परधर्मीयांशी बोलत नसत. म्हणायला स्तोत्र नव्हते. जवळ होता तो उपवास, पांढरे कापड आणि बंद दार. योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव ‘नेइला’, म्हणजे दार लावणे. सायंकाळी स्वर्गाचे दार मिटण्यापूर्वीची ती शेवटची विनवणी आहे. ग्रंथ हरवला, प्रार्थना हरवली. तरी दार मिटण्याची आठवण घराच्या कवाडाला चिकटून राहिली. इस्लामी परंपरेत तोबेचे दार सूर्य पश्चिमेला उगवेपर्यंत उघडे राहते असे म्हटले आहे. दोन्हीकडे दाराचीच प्रतिमा आहे, मुदतीचा हिशोब तेवढा वेगळा.

१८३२ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली. त्यांना ख्रिस्ती करावे हा मिशनऱ्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात ती अधिक डोळस यहुदी झाली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू उपासनेचे अनेक ग्रंथ मराठीत आणले. १८८० पासून समाजातील काही मंडळींनी बायबलमधील आख्याने घेऊन मराठी कीर्तनेही सुरू केली. यानंतरच्या मराठी लेखनात ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ हा शब्दप्रयोग बायबलच्या भाषांतरातून सहज आला आणि ‘दारफालनी’ हळूहळू म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यापुरती उरली. ज्ञानात भर पडली यात शंका नाही. एका नेमक्या शब्दाची मात्र किंमत मोजावी लागली.

ग्रंथ हाती आल्यावर त्यांना मिश्नातील योमा प्रकरणाचा दंडकही कळला असणार. मनुष्य आणि ईश्वर यांच्यामधील पापांची क्षमा योम किप्पूर करू शकतो. मनुष्य आणि मनुष्य यांच्यामधील पापांची क्षमा, दुखावलेल्याची समजूत घातल्याखेरीज, तो दिवसही करू शकत नाही. मायमोनिडिस (११३८–१२०४) यांनी आपल्या तेशुवाविषयक प्रकरणांत याचे तपशील दिले आहेत. दुखावलेला मनुष्य ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जावे, आणि असे तीनदा करावे. तो मरण पावला असेल तर दहा माणसांना त्याच्या कबरीपाशी नेऊन त्यांच्यासमक्ष अपराध कबूल करावा; काही देणे असेल तर ते वारसांना द्यावे. ठाण्याच्या त्या मलिकच्या बाबतीत कबरी सोपाऱ्यास होत्या, फार दूर नव्हत्या. तेथे जावे असे त्याला कोणी सुचविले नाही.

ठाण्यात १८७९ मध्ये उभारलेल्या प्रार्थनामंदिराचे नाव ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. याकोबाच्या स्वप्नाच्या कथेत हे शब्द येतात. घराच्या बंद दाराआड पाळला जाणारा उपवास आता या सामूहिक दाराशी आला. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तरीही ठाणे हे आजही या समाजाच्या मोजक्या जागत्या केंद्रांपैकी एक आहे, आणि तेथे नेइलाच्या अखेरीस शोफार फुंकला जातो.

केहिमकरांच्या काळातील जुन्या रिवाजात त्यापुढे आणखी एक दिवस होता. दारफालनीच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’ म्हणत. उपवासाच्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि या दिवशी परत जातात, अशी समजूत होती. त्या सकाळी दारे उघडली जात, गोरगरिबांना दान दिले जाई, आणि आदल्या दिवशी ज्यांच्याशी बोलणे टाळले होते त्या शेजाऱ्यांशी बोलणे पुन्हा सुरू होई.